एकाच कॉम्प्युटरवर एकाच वेळी दोघं-तिघं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात डेस्कटॉप एक आणि हात चार, अशा घरांतून येणारे हे प्रश्न. खाली 'सीट' म्हणजे एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस आणि त्यावर बसलेला एक माणूस. लिनक्सच्या (विंडोजच्या जागी बसवायची ऑपरेटिंग सिस्टिम) आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

१. आम्ही आत्ताही यूजर बदलून वापरतो. मग यात वेगळं काय?

यूजर बदलणं म्हणजे आळीपाळी. एकाची खिडकी मागे जाते, दुसऱ्याची पुढे येते, पण खुर्ची एकच राहते. इथे प्रश्न एकाच वेळेचा आहे. मुलगी डाव्या मॉनिटरवर ऑनलाइन क्लासला बसली आहे, वडील उजव्या मॉनिटरवर सोसायटीच्या हिशेबाची शीट भरताहेत, आणि दोघांचा डबा, म्हणजे सीपीयूची पेटी, एकच. दोघांचं लॉगिन, आवाज, डाउनलोड सगळं वेगळं. याला मल्टिसीट म्हणतात. ब्राझीलच्या पराना राज्यातल्या सरकारी शाळांनी एका डब्यावर चार विद्यार्थी बसवून हेच केलं होतं.

२. दोघं बसले की वेग निम्मा होईल ना?

सहसा नाही. टायपिंग, ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ क्लास अशा कामांत प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. अडचण येते ती रॅमची. डेस्कटॉप आणि दहा-बारा टॅब उघडलेला ब्राउझर मिळून एका माणसाचे ३ ते ४ जीबी सहज जातात. म्हणून दोन सीटसाठी ८ जीबी म्हणजे काठावरचा हिशेब, १६ जीबी निवांत. चार कोअरचा प्रोसेसर दोघांना पुरतो. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र बदलाच. दोघांनी एकदम काही उघडलं की तिची सुई इकडून तिकडे पळत राहते आणि दोघंही ताटकळतात. तिच्याजागी एसएसडी टाकली की मशीनचा नूर पालटतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम असेल तर गणित वेगळं (प्रश्न १७).

३. नेमकं काय काय विकत घ्यावं लागतं?

प्रत्येक जादा सीटसाठी एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस, एक यूएसबी हब, एक यूएसबी साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट, आणि एक स्वतंत्र ग्राफिक्स चिप (मॉनिटरवर चित्र उमटवणारी). पहिल्या पाच गोष्टी कोणत्याही दुकानात मिळतात. पैसे आणि विचार सहावीवर खर्च करा.

हब साधा यूएसबी २.० चालतो. कीबोर्ड-माउसचं त्याच्यावर ओझं नसतं. त्यावर वेबकॅम आणि पेनड्राइव्हही लावणार असाल तर मात्र स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, कारण यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअरच आणि ती सगळ्यांत वाटली जाते.

अंतराचंही बघा. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. म्हणजे दुसरी सीट त्याच खोलीत किंवा भिंतीपलीकडे. वरच्या मजल्यावर पाहिजे असेल तर प्रश्न १८ बघा.

४. माझ्या ग्राफिक्स कार्डाला दोन एचडीएमआय आहेत. मग दुसरं कार्ड कशाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि निम्म्या लोकांचा बेत इथेच अडतो. लिनक्समध्ये सीटची वाटणी पोर्टाप्रमाणे होत नाही, कार्डाप्रमाणे होते. अख्खं कार्ड एका सीटच्या ताब्यात जातं. त्याचे दोन पोर्ट म्हणजे त्या एकाच माणसाचे दोन पडदे. पूर्वी लोक झेफर नावाची पडद्यातला पडदा दाखवणारी सोय वापरून एकच कार्ड वाटायचे. त्यात ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, व्हिडिओ अडखळतो. आज त्या वाटेने जाऊ नये.

चांगली बातमी अशी की बहुतेक घरांत दोन चिप आधीच असतात, एक प्रोसेसरमधली आणि एक वेगळ्या कार्डावरची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यात आतली चिप नसते. एएमडीच्या रायझनमध्ये ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी साधारण 'जी' वाल्यांतच ती असते. वेगळं कार्ड नसेल तर छोटं, पंखा नसलेलं कार्ड पुरतं. जीटी ७१० सारखं कार्ड १९ वॉटवर चालतं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. मोठा स्लॉट भरलेला असेल तर एक्स-वन या छोट्या स्लॉटात बसणारी कार्डंही मिळतात.

एनव्हिडियाची दोन कार्डं जोडताना पिढी जुळवा. जीटी ७१० ला कंपनीचा ४७० मालिकेपर्यंतचाच ड्रायव्हर चालतो, आरटीएक्स ४०६० ला त्यापेक्षा नवा लागतो, आणि एका वेळी ड्रायव्हर एकच बसतो. इंटेल किंवा एएमडीची चिप आणि एनव्हिडियाचं एकच कार्ड, ही जोडी कमी त्रासाची.

५. कार्ड लावल्यापासून मदरबोर्डवरचा एचडीएमआय मेलाच आहे.

मेलेला नाही, झोपवलेला आहे. वेगळं कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड आतली चिप आपोआप बंद करतात. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा. ग्राफिक्सच्या पानावर 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' किंवा 'इंटिग्रेटेड ग्राफिक्स' असं काहीतरी असेल ते 'एनेबल्ड' करा. त्याच पानावर 'प्रायमरी डिस्प्ले' ही निवड असते. जी चिप पहिल्या सीटला द्यायची ती तिथे ठेवा, म्हणजे सुरुवातीची अक्षरं त्याच मॉनिटरवर उमटतील.

६. हे सगळं विंडोजवर जमतं का?

विंडोजच्या स्वतःच्या सोयीने नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये एका वेळी एकच माणूस प्रत्यक्ष काम करू शकतो. प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप असला तरी बाहेरून कोणी शिरला की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो. मायक्रोसॉफ्टने यासाठी मल्टिपॉइंट सर्व्हर काढला होता. २०१० मध्ये आला, सर्व्हर २०१६ मध्ये त्याची एक भूमिका म्हणून उरला आणि सर्व्हर २०१९ मधून गेला.

बाहेरच्या सॉफ्टवेअरपैकी आस्टर हे नाव सर्वांत जास्त ऐकू येतं. ते विकत घ्यावं लागतं, आणि एकाच कार्डाचे दोन पोर्ट दोन सीटला वाटू शकतं, ही त्याची मोठी सोय. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. विंडोजचा घरगुती परवाना एका वेळी एकाच वापरकर्त्यासाठी असतो, तो प्रश्न आस्टर विकत घेतल्याने सुटत नाही. आणि ते विंडोजच्या पोटात हात घालून चालत असल्याने मोठ्या अपडेटनंतर पुन्हा जुळवाजुळव करायची तयारी ठेवा.

रिमोट डेस्कटॉपची एक सिस्टिम फाइल बदलून 'अनेक यूजर चालू करा' असं सांगणारे व्हिडिओ बरेच फिरतात. ती फाइल विंडोज अपडेटमध्ये बदलली की युक्ती तुटते, शिवाय परवान्याच्या विरुद्ध आणि अँटिव्हायरसही ओरडतो. तो नाद नको.

७. लिनक्सवर पहिल्यापासून पायऱ्या सांगा.

लाइटडीएम हा लॉगिन पडदा वापरणारं लिनक्स घ्या, उदाहरणार्थ लिनक्स मिंट किंवा झुबंटू. जीडीएम हा दुसरा लॉगिन पडदाही सीट ओळखतो. एसडीडीएम या तिसऱ्याच्या नादी या कामासाठी लागू नये.

आधी प्रत्येक माणसाचं खातं उघडा. अ‍ॅडमिनचे अधिकार एकालाच द्या. मशीन बंद करून सगळं जोडा: दुसरा मॉनिटर दुसऱ्या कार्डात, दुसरा कीबोर्ड, माउस आणि साउंड कार्ड हबमध्ये, हब डब्याच्या मागच्या पोर्टात. पुढचे पोर्ट पेनड्राइव्हसाठी मोकळे ठेवा.

मशीन सुरू करून टर्मिनलमध्ये 'लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस सीट०' अशी आज्ञा द्या. 'लॉगिनसीटीएल' हा एकच शब्द, 'सीट०' मध्येही मोकळी जागा नाही. 'सीट०' म्हणजे पहिली सीट. झाडासारखी लांबलचक यादी येईल. त्यात ज्यांच्यापुढे कंसात 'मास्टर' लिहिलंय ती ग्राफिक्स कार्डं, 'डीआरएम कार्ड०' आणि 'डीआरएम कार्ड१' अशी. प्रत्येक नोंदीच्या वरच्या ओळीत तिरप्या रेघेने सुरू होणारा 'सिस, डिव्हायसेस' असा लांब पत्ता असतो. तोच आपल्याला हवा. तो हाताने टाइप करू नका, कॉपी करा. एक शून्य चुकलं तरी अर्धा तास जातो.

कुठला हब तुमचा हे ओळखायला तो काढून यादी पाहा आणि लावून पुन्हा पाहा. जी फांदी नव्याने आली ती त्याची.

आता 'सुडो लॉगिनसीटीएल अटॅच सीट१' आणि पुढे एक जागा सोडून दुसऱ्या कार्डाचा पत्ता ('सुडो' म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने). मग तीच आज्ञा हबच्या पत्त्यासह. हब दिला की त्याच्या पोटातलं सगळं आपोआप जातं, कीबोर्ड-माउस वेगळे द्यावे लागत नाहीत. सीटचं नाव 'सीट' या अक्षरांनीच सुरू व्हायला हवं. तिथे 'ताई' असं नाव दिलं तर आज्ञा नाकारली जाते.

मशीन रीस्टार्ट करा. दोन्ही मॉनिटरवर स्वतंत्र लॉगिन पडदा दिसला की झालं. तिसऱ्या सीटला हेच, फक्त 'सीट२' म्हणून आणि तिसऱ्या कार्डासह.

८. काल सगळं ठीक होतं. आज दुसरा कीबोर्ड पहिल्या पडद्यावर टाइप करतोय!

हब दुसऱ्या पोर्टात लागला आहे. वाटणी लक्षात राहते ती पोर्टाच्या पत्त्याने. कीबोर्ड कुठल्या कंपनीचा याच्याशी तिला देणंघेणं नाही. झाडपूस करताना कोणीतरी केबल काढून शेजारच्या भोकात लावली की तो हब परत पहिल्या सीटचा होतो. जुन्या पोर्टात लावा, लगेच जागेवर येईल. पोर्टावर आणि केबलवर एकाच रंगाची टिकली चिकटवून ठेवलेली बरी.

९. दुसऱ्या मॉनिटरवर नुसताच काळा पडदा आहे.

आधी 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सीट्स' द्या. यादीत 'सीट१' नसेलच तर कार्डाऐवजी दुसराच कुठला तरी पत्ता दिला गेला आहे. 'मास्टर' लिहिलेली वस्तू मिळाल्याशिवाय सीट तयार होत नाही, मग तिला दहा कीबोर्ड द्या. सीट आहे पण पडदा काळा असेल तर ड्रायव्हरकडे पाहा (प्रश्न ४ मधली एनव्हिडियाची अडचण), नाहीतर लॉगिन पडद्याच्या प्रोग्रॅमकडे (प्रश्न ७). कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबून टेक्स्ट पडद्यावर जायची सोय फक्त पहिल्या सीटवर असते. दुसऱ्या सीटवर ती चालत नाही, तो बिघाड समजू नका.

१०. दुसऱ्या सीटला आवाजच येत नाही.

आवाजाचं यंत्रही सीटला द्यावं लागतं. हबमधलं यूएसबी साउंड कार्ड आपोआप मिळतं, म्हणून तेच सोपं. मॉनिटरच्या स्पीकरमधून, म्हणजे एचडीएमआयमधून आवाज हवा असेल तर ग्राफिक्स कार्डाचा आवाजाचा भाग यादीत 'साउंड कार्ड' म्हणून वेगळा दिसतो. तोही वेगळा अटॅच करा. डब्यामागचं हिरवं भोक पहिल्या सीटचंच राहतं.

११. मी बोलतो ते शेजारच्या सीटच्या मीटिंगमध्ये ऐकू जातं.

दोन शक्यता. साधी ही की दोघं एकाच खोलीत आहात आणि माइक तुमचा आवाज हवेतूनच पकडतोय. त्याला तोंडाजवळचा माइक असलेला हेडसेट हाच उपाय.

दुसरी शक्यता चटकन लक्षात येत नाही. एखाद्या जुन्या ट्युटोरियलप्रमाणे तुम्ही यूजरला 'ऑडिओ' आणि 'व्हिडिओ' या गटांत घातलेलं असतं. एरवी माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी त्या सीटवर बसलेल्यालाच मिळते. गटात घातलेल्याला मात्र सगळ्या सीटचे माइक-कॅमेरे उघडे होतात. 'ग्रुप्स' ही आज्ञा देऊन पाहा. ती दोन नावं दिसली तर काढून टाका, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. घरात हे खासगीपणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

१२. पेनड्राइव्ह लावला की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो.

दुसऱ्या सीटच्या माणसाने पेनड्राइव्ह डब्याच्या पोर्टात लावला असेल. ते पोर्ट पहिल्या सीटचे, आणि परक्या सीटवरची डिस्क उघडायला लिनक्स मुद्दामच अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. आपल्या हबमध्ये लावा, मागणार नाही. प्रिंटर मात्र सगळ्यांचा सामाईक असतो, कुठेही जोडा.

१३. एकाने शटडाउन केलं तर दुसऱ्याचं काम जाणार का?

जाणार. डबा एकच आहे. चुकून होऊ नये म्हणून तीन गोष्टी करा. 'लॉगआउट करायचं, शटडाउन नाही' हा घरचा नियम. पॉवर बटणाला लगाम: 'एटसी, सिस्टिमडी' फोल्डरमधल्या 'लॉगिनडी डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'हँडलपॉवरकी' या ओळीत 'इग्नोर' लिहा. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे आपोआप झोपणं. एका सीटवर वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही म्हणून अख्खं मशीन झोपी जाऊ शकतं, शेजारी परीक्षेचा फॉर्म भरणं चालू असताना. 'सुडो सिस्टिमसीटीएल मास्क' आणि पुढे 'स्लीप डॉट टार्गेट', 'सस्पेंड डॉट टार्गेट', 'हायबरनेट डॉट टार्गेट' ही तीन नावं द्या. झोपेचं दारच बंद होतं.

१४. एकाने शंभर टॅब उघडले की दुसऱ्याचा माउसही हलत नाही.

रॅम संपली. वाढवता आली तर वाढवा. नाहीतर प्रत्येकाला मर्यादा घाला: 'सुडो सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी यूजर-१००१ डॉट स्लाइस मेमरीमॅक्स=६जी'. यातला १००१ हा त्या यूजरचा आकडा, 'आयडी' ही आज्ञा देऊन कळतो. सहसा पहिला यूजर १०००, पुढचा १००१. मर्यादा ओलांडली की त्या एकट्याचा ब्राउझर मरेल, दुसऱ्याला झळ लागणार नाही. तंटा मिटवायला हा मार्ग उत्तम.

१५. दोन्ही सीटवर एकाच नावाने लॉगिन केलं तर चालेल?

नको. फायरफॉक्स 'आधीच चालू आहे' म्हणून हटून बसेल, आणि डेस्कटॉपच्या कितीतरी गोष्टी एका खात्याला एकच पडदा धरून चालतात. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा आणि सामाईक फायलींसाठी एक फोल्डर करा. एकमेकांच्या फायली दिसू नयेत असं वाटत असेल तर होम फोल्डरची परवानगी ७५० (इतरांना दार बंद) आहे का पाहा. उबंटूमध्ये २१.०४ पासून नव्या खात्यांना ती आपोआप मिळते. वेगळ्या खात्याचा आणखी एक फायदा: आजोबांना इनस्क्रिप्ट आणि नातीला फोनेटिक मराठी कीबोर्ड, दोन्ही एकाच वेळी सुखाने चालतात, कारण ही निवड खात्यासोबत राहते.

१६. लॅपटॉपवर, वायरलेस किंवा ब्लूटूथ कीबोर्डवर चालतं का?

लॅपटॉपमध्ये दोन चिप असल्या तरी एचडीएमआयचं भोक कुठल्या चिपला जोडलंय त्यावर सगळं अवलंबून. वेगळ्या चिपला असेल तर नशीब. नसेल तर यूएसबीतून मॉनिटर चालवणारा डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर हा पर्याय. त्यातल्या जुन्या यूएसबी २.० वाल्यांचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो आणि २०१२ च्या फेडोरा १७ ने अशा चिपच्या डॉकवर (मॉनिटर, कीबोर्ड एकत्र जोडायच्या खोक्यावर) आपोआप सीट उभी करून दाखवली होती. लिहिण्या-वाचण्याला ते पुरतं, व्हिडिओला नाही. यूएसबी ३.० वाल्यांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

डोंगलवाला वायरलेस कीबोर्ड चालतो, फक्त डोंगल आपापल्या हबमध्ये हवा. एकाच डोंगलवर दोन सीटचे कीबोर्ड जोडू नका, ते वेगळे करता येत नाहीत. ब्लूटूथ टाळाच. त्याचे कीबोर्ड कुठल्याही यूएसबी फांदीवर नसतात, त्यामुळे वाटणी टिकत नाही.

१७. दोघांना गेम खेळायचे आहेत.

दोन सीटला दोन दमदार कार्डं आणि तेवढा पॉवर सप्लाय असेल तर लिनक्सवरच चालतं. विंडोजचेच गेम हवेत आणि ते लिनक्सवर चालत नसतील तर व्हर्च्युअल मशीनला (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) अख्खं कार्ड सोपवायची पद्धत आहे. त्याला बायोसमध्ये इंटेलची व्हीटी-डी किंवा एएमडीची आयओएमएमयू चालू लागते आणि प्रत्येक मशीनला वेगळा विंडोज परवाना. हौसेने करा. घरात सुखशांती हवी म्हणून करणार असाल तर दुसरा कॉम्प्युटर स्वस्त पडेल.

१८. जुना लॅपटॉप पडून आहे. त्याचा उपयोग होईल?

होईल, आणि बऱ्याचदा हाच शहाणपणाचा मार्ग. मुख्य लिनक्स मशीनवर एक्सआरडीपी (बाहेरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) बसवा, जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स आणि रेमिना (तिथून आत शिरणारा प्रोग्रॅम). काम मुख्य मशीन करतं, लॅपटॉप नुसता पडदा दाखवतो. ना दुसरं कार्ड, ना ५ मीटरची मर्यादा. वायफायऐवजी केबल असेल तर फार फरक पडतो. व्हिडिओ मात्र अडखळतो, तो लॅपटॉपच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येच पाहा. रिमोटवर आणि समोर एकाच नावाने लॉगिन करू नका (प्रश्न १५). आणि राउटरमध्ये ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा नेटवर्क पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका.

१९. यूपीएस पुरेल का?

साधा ६०० व्हीए यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो. साधं मशीन कामात १०० वॉटच्या आसपास, मॉनिटर २० ते २५ वॉट. दोन सीट आरामात बसतात, फक्त टिकण्याची वेळ थोडी घटते. दुसरा मॉनिटरही यूपीएसवरच घ्या. लोक तो भिंतीच्या सॉकेटला लावतात आणि वीज गेली की त्या माणसाला फाइल सेव्ह करायची तरी कुठे हेच दिसत नाही.

२०. नको झालं. पूर्ववत कसं करू?

'सुडो लॉगिनसीटीएल फ्लश-डिव्हायसेस'. सगळ्या वाटण्या पुसल्या जातात आणि सगळं पहिल्या सीटकडे परततं. दुसऱ्या सीटवरच्या माणसाला आधी लॉगआउट करायला सांगा. प्रश्न १३ मधली झोपेची कुलुपं 'मास्क'ऐवजी 'अनमास्क' लिहून निघतात.